जुन्या एमजीबीला नवा सायलेन्सर: पाईप, डबा आणि आवाज यांचा हिशेब

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांत वारंवार दिसतात. ही कारवाई बहुतेक वेळा मोटारसायकलींवरची असते आणि ती योग्यच असते, हे आधीच सांगून टाकतो. परंतु ज्यांच्या घरी एखादी जुनी मोटार जपून ठेवलेली आहे, त्यांना ती छायाचित्रे पाहून वेगळीच धास्ती वाटते. गाडी पन्नास-पंचावन्न वर्षांची, सायलेन्सर कुजलेला आणि ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला. अशा वेळी नवा सायलेन्सर कोणता बसवायचा, आणि तो बसवल्याने आपणही गुन्हेगारांच्या यादीत जाऊ का, असे दोन्ही प्रश्न एकदमच पडतात.

उदाहरणासाठी एमजीबी ही ब्रिटिश दोनआसनी स्पोर्ट्स कार घेऊ. एमजी म्हटल्यावर आज आपल्या डोळ्यांसमोर गुजरातेतील हलोलहून निघणारी हेक्टर येते, पण ही अक्षरे मुळात ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ची आहेत. एमजीबी १९६२ साली बाजारात आली, १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी बनत राहिली आणि पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. हे उदाहरण निवडण्याचे आणखी एक कारण आपल्या जवळचे आहे. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन आणि आपल्या अँबेसिडरमध्ये अनेक वर्षे असलेले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन ही ‘बी-सिरीज’ या एकाच कुळातली भावंडे आहेत. ज्या फिटरने अँबेसिडर खोलली आहे त्याला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर परके वाटत नाही, आणि पुढे जे सांगणार आहे त्यातले पुष्कळसे अँबेसिडरलाही जसेच्या तसे लागू पडते.

आपल्याकडे इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंतच्या सगळ्या नळजोडणीला सरसकट सायलेन्सर म्हणतात. या लेखापुरते तिचे तीन भाग वेगळे धरू. इंजिनाच्या हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, बोल्टने आवळलेला फाट्याफाट्यांचा भाग म्हणजे मॅनिफोल्ड, त्यातून खाली उतरून मागे जाणाऱ्या त्या नळ्या, आणि आवाज मारणारे ते डबे. एमजीबीला मुळात दोन डबे असतात, एक मधल्या भागात आणि एक मागे.

नळीतून नेमके काय जाते

धूर जातो, हे उत्तर अर्धेच आहे. पेट्रोल जळते तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते, आणि हिशेब केला तर एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे एक लिटर पाणी तयार होते. इंजिन तापलेले असताना ते वाफेच्या रूपाने बाहेर निघून जाते. पण सकाळी गाडी सुरू केली, पाच मिनिटे जागेवरच चालवली आणि पुन्हा झाकून ठेवली, तर मागचा डबा तापण्याच्या आधीच ती वाफ त्याच्या थंड पत्र्यावर पाणी होऊन साचते. त्या पाण्यात जळणातून आलेली आम्ले मिसळतात आणि डबा आतून खायला सुरुवात होते. रोज पन्नास किलोमीटर धावणाऱ्या गाडीपेक्षा महिन्यातून एकदा ‘बॅटरी उतरू नये म्हणून’ सुरू केल्या जाणाऱ्या गाडीचा सायलेन्सर लवकर का कुजतो, ते यावरून कळावे.

पुण्यातल्या एका गॅरेजात रॅम्पवर चढवलेली अशीच एक एमजीबी मी पाहिली. मागचा डबा काळ्या रंगाने छान रंगवलेला होता. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्यावर पुढून मागे टकटक करीत नेले. पुढच्या टोकाला टणटणीत आवाज आला, खालच्या मागच्या कोपऱ्याशी मात्र भद्द असा आला. तिथे त्याने टोक टेकवून नुसते दाबले, तर ते सरळ आत गेले आणि काळे पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. “साहेब, वरून नवरदेव आहे, आतून पापड झालाय,” एवढेच तो म्हणाला. जुन्या गाडीच्या सायलेन्सरची परीक्षा रंगावरून करू नये, आवाजावरून करावी, आणि तीही खालच्या बाजूने.

पाण्याव्यतिरिक्त दुसरी गोष्ट म्हणजे हा वायू नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही, तो धक्क्याधक्क्यांनी येतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर नळीत सेकंदाला शंभर धक्के शिरतात. दादर स्टेशनचा जिना आठवावा. लोकल आली की माणसांचा लोंढा जिन्यावर चढतो, मग क्षणभर जिना मोकळा होतो, मग दुसरी लोकल येते. पहिला लोंढा झपाट्याने पुढे सरकला तर त्याच्या मागे रिकामी जागा पडते आणि पुढच्याला वाट मिळते, पण तो रेंगाळला तर दोन लोंढे एकमेकांवर आदळतात. वायूच्या बाबतीत ही रिकामी जागा म्हणजे कमी दाबाचा पट्टा असतो, आणि तो मागून येणाऱ्या वायूला नुसती वाटच देत नाही, तर थोडा ओढूनही घेतो. चांगल्या नळजोडणीचा सगळा खेळ हा ओढा योग्य वेळी योग्य दाराशी पोचवण्याचा आहे.

सिलिंडर चार, पण बाहेरची दारे तीनच

बी-सिरीज इंजिनाची खोड इथे आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून केलेली खरेदी बहुधा फसते. या इंजिनाच्या हेडला वायू बाहेर पडण्याची दारे चार नसून तीन आहेत. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला आपापले दार आहे, मधल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरला मिळून एकच आहे, चाळीतल्या दोन खोल्यांना एकच सामाईक दरवाजा असावा तसे. सिलिंडरचा पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा असल्यामुळे तिसरा आणि दुसरा यांच्यामध्ये नेहमी एकाचे अंतर राहते, म्हणून सामाईक दाराशी त्यांची टक्कर होत नाही. पहिला आणि चौथा यांचेही तसेच आहे.

तेव्हा या इंजिनाला सोयीची मांडणी आपोआप ठरते. कडेच्या दोन दारांचा वायू एका नळीत, मधल्या दाराचा दुसऱ्या नळीत, आणि त्या दोन नळ्यांचा संगम जरा खाली जाऊन. एमजीबीचा मूळ बिडाचा मॅनिफोल्ड याच तत्त्वावर आहे. त्याला खाली दोन तोंडे आहेत आणि त्यांना दोन नळ्या जोडल्या जातात. स्वस्तातल्या गाड्यांच्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये सगळा वायू एकाच कुंडीत ओतलेला असतो, त्या मानाने हा फारच विचारपूर्वक बनवलेला आहे.

बाजारात त्याच्या जागी पोलादी नळ्या वाकवून केलेला मॅनिफोल्ड मिळतो. त्यात मधल्या दाराची नळी लांब ठेवलेली असते आणि संगम आणखी खाली नेलेला असतो. दिसायला तो देखणा असतो, वजनाला हलका असतो, आणि हेडमध्ये सुधारणा केलेल्या, वेगळा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) घातलेल्या इंजिनाला त्याचा चांगला उपयोगही होतो. परंतु कारखान्यातून आले तसेच असलेल्या, ९५ अश्वशक्तीच्या आसपासच्या इंजिनाला त्याच्याकडून मिळणारा फायदा इतका बेताचा असतो की तो गाडी चालवणाऱ्याच्या पायापेक्षा कानालाच जास्त जाणवतो.

आपल्या हवामानात त्याचा एक तोटाही आहे. या इंजिनात कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणि मॅनिफोल्ड एकाच बाजूला, जवळजवळ एकमेकांच्या मांडीवर बसलेले असतात. बीड जाड असते, तापायला आणि निवायला वेळ घेते, तर पातळ पोलादी नळ्या लगेच लाल होऊन आसपासची हवा तापवतात. एप्रिलमध्ये, सिग्नलला थांबत थांबत जाताना कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल तापून त्याची वाफ होऊ लागली की गाडी धापा टाकते. पोलादी मॅनिफोल्ड घ्यायचाच असेल तर मधला उष्णतारोधक पत्रा शाबूत आहे ना, हे आधी पाहावे. परदेशांतून आलेली डाव्या स्टिअरिंगची गाडी असेल तर नळ्या स्टिअरिंगच्या दांड्याला घासत नाहीत ना, हेही तपासावे, कारण एमजीबीमध्ये तो दांडा त्याच बाजूने खाली उतरतो.

“इंजिनाला थोडे बॅक प्रेशर लागतेच” हे कितपत खरे

कोणत्याही गॅरेजात गेलात तरी हे वाक्य ऐकायला मिळते. बॅक प्रेशर म्हणजे वायू बाहेर पडताना त्याला मागे होणारा विरोध. हा विरोध इंजिनाला कधीच हवा नसतो, कारण त्याच्याशी झगडताना पिस्टनची शक्ती खर्ची पडते. तरीही हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहे, याचे कारण असे की जाड नळी बसवल्यावर गाडी खालच्या गिअरमध्ये ढिली पडते, हा अनुभव मात्र खरा आहे. निरीक्षण बरोबर आहे, कारण चुकीचे दिले जाते.

बागेत पाणी घालताना आपण नळीच्या तोंडावर अंगठा धरतो तेव्हा पाणी लांब उडते, कारण वाट अरुंद झाली की वेग वाढतो. वायूचे तसेच आहे. पावणेदोन इंच व्यासाची नळी बदलून दोन इंचाची केली तर आतली जागा सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. इंजिन पूर्ण वेगात असताना तेवढी जागा कदाचित कामी येईल, पण घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, तेवढाच थोडा वायू त्या रुंद नळीतून रेंगाळत जातो, वाटेत थंड होतो, आणि मघाशी सांगितलेला ओढा निर्माणच होत नाही. गमावला जातो तो वेग. त्यालाच लोक बॅक प्रेशर गमावले असे म्हणतात.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. इंजिन मूळ अवस्थेत असेल तर नळीचा व्यास मूळ ठेवावा. ‘बिग बोअर’ नावाने विकला जाणारा संच ज्या इंजिनासाठी बनला आहे ते इंजिन आपल्या बॉनेटखाली नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

डब्याच्या पोटात काय दडलेले असते

आवाज मारण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत नळीला बारीक भोके पाडून तिच्याभोवती काचतंतूंचा किंवा तारेचा कापूस गच्च भरलेला असतो. आवाज भोकांतून त्या कापसात शिरतो आणि तिथेच विरतो, गाद्यांच्या दुकानात बोलणे जसे दबल्यासारखे वाटते तसा. या डब्यातून वायूला सरळ वाट मिळते, पण कर्कश, उंच पट्टीचा आवाजच त्यात चांगला मरतो. दुसऱ्या रीतीत डब्याच्या आत पत्र्याचे पडदे घालून खोल्या केलेल्या असतात. वायूला वळसे घ्यावे लागतात, आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून परत येतात आणि एकमेकींना मारतात. खालच्या पट्टीची घुमघुम या रीतीने आटोक्यात येते, बदल्यात वायूला थोडा अडथळा होतो.

मूळ संचात डबे दोन का होते, आणि एक डबा काढून तिथे साधी नळी टाकल्यावर काय होते, ते आता सांगता येईल. एमजीबी ओव्हरड्राइव्हशिवाय (म्हणजे इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या जादा गिअरशिवाय) वरच्या गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरने धावते तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण २८०० फेरे घेत असते, म्हणजे सेकंदाला सुमारे ९३ धक्के. हा घुमणाऱ्या, खालच्या पट्टीतल्या आवाजाचा प्रदेश आहे. नेमक्या याच वेगाने आपण महामार्गावर तासन्‌तास जातो. १९६५ साली आलेल्या बंद छपराच्या एमजीबी जीटीमध्ये तर मागची पोकळी ढोलाच्या पोटासारखे काम करते. गॅरेजच्या दाराशी दोन मिनिटे गुरगुरताना जो आवाज मर्दानी वाटतो, तोच खंडाळ्यापर्यंत पोचता पोचता कपाळ धरायला लावतो. नवा संच निवडण्याआधी तोच संच बसवलेली दुसऱ्या कुणाची गाडी मिळाली, तर उभ्या गाडीचा आवाज ऐकण्यापेक्षा तिच्यात बसून दहा किलोमीटर जावे.

डेसिबलच्या आकड्यांबद्दलही एक गैरसमज असतो. डेसिबलची पट्टी फूटपट्टीसारखी सरळ नसते. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि दहा वाढले की दहापट, कानाला मात्र ती साधारण दुप्पट वाटते. म्हणून ‘फक्त चार-पाच डेसिबलचा फरक’ असे कुणी सांगितले तर त्यातला ‘फक्त’ ऐकू नये. शिवाय कापूस भरलेल्या डब्यातला कापूस उष्णतेने हळूहळू जळत, उडत जातो. पहिल्या दिवशीचा आवाज हा त्या डब्याचा सर्वांत सभ्य आवाज असतो.

साधा पत्रा की स्टेनलेस

साधे पोलाद स्वस्त असते, गाडीबरोबर जुन्या काळी तेच येत असे, आणि त्याचा आवाज कानाला भरीव वाटतो. ते कुजते, हीच त्याची एक मोठी खोट. त्यावर ॲल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा मिळतो, तो मधल्या किमतीत बराच जास्त टिकतो, फक्त वेल्डिंगच्या जागी थर जळालेला असल्यामुळे गंज तिथूनच सुरू होतो.

स्टेनलेस हे एका धातूचे नाव नाही, ते कुटुंबाचे नाव आहे. सायलेन्सरसाठी मुख्यतः त्यातल्या दोन जाती वापरतात. ४०९ या जातीत सुमारे ११ टक्के क्रोमियम असते. तिच्यावर तपकिरी गंजाची झाक येते, पण ती आरपार सहसा कुजत नाही. ३०४ या जातीत क्रोमियम सुमारे १८ आणि निकेल सुमारे ८ टक्के असते, आणि आपल्या स्वयंपाकघरातली चांगली भांडी याच जातीची असतात. विकणारा नुसते ‘स्टेनलेस आहे’ म्हणतो, तेव्हा खिशातून एक लोहचुंबक काढावा. ४०९ ला तो घट्ट चिकटतो, ३०४ ला जवळजवळ चिकटतच नाही. फ्रिजच्या दारावरून उचललेला चुंबकही या कामाला पुरतो. नळीच्या वळणाशी आणि वेल्डशी ३०४ देखील थोडी ओढ दाखवते, म्हणून चुंबक सरळ भागावर लावून पाहावा.

समुद्रकाठी, म्हणजे मुंबईत, अलिबागला किंवा पणजीला गाडी ठेवणाऱ्याने ३०४ घ्यावी, असे मी बिनदिक्कत सांगेन. पण तिच्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. ती साध्या पोलादापेक्षा जास्त फुगते. दोन मीटर लांबीची नळी ३०० अंशांनी तापली तर साधे पोलाद सुमारे ७ मिलिमीटर वाढते आणि ३०४ सुमारे १०. हे तीन मिलिमीटर कुठे तरी सामावले पाहिजेत. नळी दोन्हीकडे घट्ट जखडलेली असेल तर ती वेल्डशी तडकते किंवा तापल्यावर गाडीच्या तळाला टेकून खडखडू लागते. दुसरे असे की स्वस्त संचात पत्रा पातळ वापरतात आणि मग आवाज डब्यात खडे टाकून हलवल्यासारखा येतो. दोष धातूचा नसतो, जाडीचा असतो. म्हणून एकाच मापाचे दोन संच हातात घेऊन वजन पाहावे. जड असेल तो बहुधा चांगला.

“नुसता पाईप तर बदलायचा आहे, कार्ब्युरेटरला हात का लावायचा”

वायू सहज बाहेर पडू लागला की इंजिन हवाही जास्त ओढू लागते. आजच्या गाड्यांत ही वाढ संवेदक ओळखतात आणि संगणक पेट्रोल वाढवतो. एमजीबीच्या ‘एसयू’ बनावटीच्या दोन कार्ब्युरेटरमध्ये हे काम एका निमुळत्या सुईकडे असते. ती सुई कारखान्याने मूळ सायलेन्सर धरून ठरवलेली आहे. मोकळा संच बसवून सुई तीच ठेवली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन जास्त तापते आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागून फटाके फुटतात.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलोच लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साधारण साडेतेरा किलो पुरते. म्हणजे जुन्या सुईतून तेवढेच इंधन आले, तर सायलेन्सर न बदलताही मिश्रण पूर्वीपेक्षा पातळ झालेले असते. त्यावर मोकळा सायलेन्सर चढवणे म्हणजे आधीच पातळ आमटीत आणखी पाणी ओतणे. सायलेन्सर बदलल्यावर वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन स्पार्क प्लग काढून पाहावेत. बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर ठीक आहे, पांढरेफटक दिसले तर मिश्रण घट्ट केल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघू नये.

मूळ व्यासाचा, दोन डब्यांचा संच बसवला तर ही कटकट बहुतांशी टळते. कमी बदल केला की पुढची कामेही कमी लागतात.

कायदा नेमके काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ सांगते की नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या आणि उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. कुजलेल्या भागाच्या जागी त्याच कामाचा, तसाच भाग बसवणे ही दुरुस्ती असते. फेरफार होतो तो डबा काढून सरळ नळी टाकली तर. आवाजासाठी स्वतंत्र तरतूद आहे. कलम १९०, पोटकलम २ नुसार ध्वनी आणि हवा यांच्या प्रदूषणाची मानके मोडणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि परवानाही तीन महिन्यांसाठी जातो.

पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी आहे. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असते आणि ती दहा वर्षे चालते. अशा गाडीच्या सांगाड्यात, बाह्य ढाच्यात किंवा इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत, अशी अट आहे, आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९७५ पूर्वीच्या एमजीबी आता या वयात बसतात. ही नोंदणी मिळाली म्हणून आवाजाची सूट मिळते, असे मात्र कुठेही म्हटलेले नाही.

गाडीच्या मायदेशातही सूर हाच आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट आहे. तपासणी माफ झाली तरी सायलेन्सर चालू स्थितीत ठेवण्याचा आणि आवाज वाढेल असा बदल न करण्याचा नियम तिथे सर्वांना लागूच आहे.

“आमचा वेल्डर हुबेहूब करून देईल”

देईलही. आपल्याकडचे चांगले कारागीर जुना डबा समोर ठेवून बाहेरून तंतोतंत तसा डबा बनवतात. अडचण आतल्या भागाची असते. जुना डबा कापून आतले पडदे, त्यांची अंतरे आणि भोके मोजून घेतली नाहीत, तर बाहेरून एमजीबीचा आणि आतून रिकामा असा डबा हाती येतो. म्हणून नळ्या इथे वाकवून घ्याव्यात, डबे तयार मागवावेत, असा मधला मार्ग मला पटतो. नळी वाकवताना वळणावर ती चेपत नाही ना, एवढे पाहावे. पूर्वीसारखी वाळू भरून वाकवलेली नळी अजूनही कुठे कुठे मिळते आणि ती यंत्राच्या चेपलेल्या वळणापेक्षा चांगली असते.

उंचीचे भान वेल्डरला आवर्जून द्यावे. एमजीबी जमिनीपासून सुमारे १२५ मिलिमीटर उंचीवर असते आणि तळाशी सर्वांत खाली लोंबणारी वस्तू म्हणजे हाच संच. आपले गतिरोधक ॲबिंग्डनमध्ये कुणाच्या स्वप्नातही आले नसतील. मधला डबा गोल न करता चपटा केला तर वाचणारे दहा-पंधरा मिलिमीटर इथे सोन्याच्या मोलाचे आहेत.

बसवताना

अर्धे दोष खरेदीत नसतात, बसवण्यात असतात. हेडच्या बाजूला एकाच स्टडवर (हेडमध्ये रोवलेल्या, डोके नसलेल्या बोल्टवर) बसलेला एक जाड वॉशर दोन कडा एकदम दाबून धरतो, एक इंजिनात हवा घेणाऱ्या मॅनिफोल्डची आणि दुसरी वायू बाहेर सोडणाऱ्या मॅनिफोल्डची. नवा मॅनिफोल्ड जुन्यापेक्षा जाड किंवा पातळ असेल तर वॉशर तिरका बसतो, एक बाजू घट्ट होते आणि दुसरी फुसफुसत राहते. नवे पॅकिंग तीनदा बदलूनही गळती थांबत नाही, तेव्हा बहुधा हेच कारण असते. दोन्ही कडांची जाडी कॅलिपरने मोजावी आणि फरक असेल तर पातळ बाजू भरून काढावी.

मॅनिफोल्डच्या खालच्या तोंडांशी सहा स्टड असतात आणि त्यांवर पितळी नट लागतात. एखादा नट हरवला म्हणून हाताशी असलेला लोखंडी नट लावू नये. तापून निवून तो स्टडशी एकजीव होतो आणि पुढच्या वेळी स्टडच तुटून हातात येतो, मग ड्रिलने तो काढण्यात रविवार जातो.

गळतीकडे कानाडोळा करू नये, कारण या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि छप्पर बंद केलेल्या छोट्या गाडीत तो डोके दुखण्याच्या आधी दिसत नाही. मागची नळी बंपरच्या बाहेर थोडी आलेली असावी, नाही तर मागे तयार होणाऱ्या भोवऱ्यातून तोच वायू पुन्हा आत ओढला जातो.

सगळे जोड आधी सैल ठेवावेत. रबरी लटकणी लावून, नळी कुठेही तळाला, पेट्रोलच्या पाईपला किंवा हँडब्रेकच्या तारेला दोन-अडीच सेंटिमीटरच्या आत येत नाही हे पाहून, मग पुढून मागे क्रमाने आवळत जावे. इंजिन रबरी आधारांवर डुलते, त्यामुळे नळीलाही डुलायला जागा हवी. यू आकाराचे क्लॅम्प जीव खाऊन आवळले तर आतली नळी बाहेरच्या नळीत चेपून अडकते. शक्य तिथे पट्टीचे क्लॅम्प वापरावेत. मग गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवावी, पूर्ण निवू द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे नट पुन्हा एकदा पान्याने पाहावेत. पहिल्या उष्णतेनंतर त्यांतले दोन-तीन तरी पाव फेरा घेतातच.